पॉड आधी, मशीन नंतर

जुनं कॉफीचं पॉड मशीन बंद पडलं की बहुतेक जण मोबाइल उघडतात आणि नव्या मशीनचे फोटो चाळायला लागतात. त्याऐवजी आधी स्वयंपाकघरातला तो खण उघडा, ज्यात पॉडचे, म्हणजे कॅप्सूलचे, डबे ठेवलेले असतात. कोणत्या कंपनीच्या आहेत, किती उरल्यात, शेवटचा डबा कुठून आणि केवढ्याला आणला होता, मागवल्यावर यायला किती दिवस लागले होते, हे एका कागदावर लिहून काढा. नवं मशीन कोणतं घ्यायचं याचं निम्मं उत्तर त्या कागदावरच मिळतं. पॉडच्या धंद्यात मशीन हे गिऱ्हाइकाला घरात शिरून धरायचं निमित्त असतं. कंपनीची खरी कमाई कॅप्सूलमध्ये असते आणि तुमचा खरा खर्चही तिथेच.

हिशेब करून बघा. घरात दोन माणसं, रोज एकेक कप आणि कॅप्सूल ४५ रुपयांना पडते असं धरू. वर्षाच्या ७३० कॅप्सूल, म्हणजे ३२,८५० रुपये. पंधरा हजारांचं मशीन पाच वर्षं चाललं तर त्याचे वर्षाला तीन हजारच होतात. मशीनवर दोन हजारांची सूट मिळावी म्हणून दिवाळीच्या सेलपर्यंत थांबणारा माणूस कॅप्सूलमागे पाच रुपये जास्त मोजत असेल, तर वर्षाला ३,६५० रुपये त्याच्या नकळत जातात. आणखी एक आकडा मनाशी ठेवावा. नेस्प्रेसोच्या नेहमीच्या लहान कॅप्सूलमध्ये साधारण पाच ते सहा ग्रॅम कॉफी असते. साडेपाच ग्रॅमला ४५ रुपये म्हणजे किलोला आठ हजारांच्या वर. पॉडवाल्यांना नावं ठेवण्यासाठी हे सांगत नाही. सकाळी मिनिटाभरात, अर्धवट झोपेत, भांडं न घासता कॉफी मिळणं याला किंमत आहेच. ती किती, एवढं फक्त माहीत असावं.

आता जुन्या मशीनकडे या. ते खरोखर गेलंय का? पॉड मशीनच्या पोटात फार काही नसतं: पाण्याची टाकी, थरथरणारा एक छोटा पंप, पाणी धावता धावता तापवणारा हीटर आणि कॅप्सूल दाबून धरणारा जबडा. यातली बरीच दुखणी घरच्या घरी ओळखता येतात.

पंपाची घरघर ऐकू येते पण पाणी येत नाही, हा प्रकार सुट्टीवरून परतल्यावर हमखास होतो. टाकी कोरडी पडलेली असते आणि पंपात हवा अडकते. टाकी काठोकाठ भरा, नीट दाबून बसवा आणि कॅप्सूल न घालता मोठ्या कपाचं बटण दोन-तीनदा दाबा. तरीही ओढलं नाही तर मशीनचा प्लग काढून, टाकी उचलून, तिच्या खाली मशीनला असलेल्या भोकात औषधाच्या सिरिंजने (सुई काढून) थोडं पाणी हळूच दाबा आणि मग पुन्हा चालवून बघा. कितीतरी ‘मेलेली’ मशीनं एवढ्यावर उठून बसतात. धार बारीक झालीय आणि कॉफी कोमट येतेय, तर बहुतेक वेळा क्षार साचलेले असतात. डिस्केलिंग, म्हणजे ते क्षार धुऊन काढणं, केल्याशिवाय निकाल देऊ नका. कॉफी पातळ येतेय आणि वापरलेल्या कॅप्सूलच्या डब्यात पाणी साचतंय, तर जबड्यातलं रबर झिजलंय किंवा पाणी कॅप्सूलच्या कडेने निसटतंय.

हे शेवटचं तपासायचं असेल तर वापरलेली कॅप्सूलच हातात घेऊन बघा. नेस्प्रेसो पद्धतीच्या मशीनमध्ये कॅप्सूलच्या निमुळत्या टोकाला तीन भोकं पडतात आणि तिथून पाणी आत शिरतं. आतला दाब वाढला की पुढचा चपटा पत्रा समोरच्या खडबडीत चकतीवर दाबला जाऊन फाटतो. निरोगी मशीनमधून निघालेल्या कॅप्सूलच्या पत्र्यावर बारीक चौकटींची नीट जाळी उमटलेली दिसते, कडेपासून कडेपर्यंत सारखी. जाळी अर्धवट असेल, एकाच बाजूला पत्रा टरकन फाटलेला असेल किंवा कॅप्सूलची कड चेपलेली असेल, तर दाब बसत नाहीये. मग दुसऱ्या कंपनीची कॅप्सूल घालून बघा. जाळी लगेच सुधारली तर दोष मशीनचा नव्हे, त्या स्वस्तातल्या डब्याचा होता.

आणि मशीन सुरू केलं की घराचा ईएलसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) पडत असेल, किंवा बुडातून पाणी झिरपत असेल, तर मात्र हात लावू नका. पाणी आणि वीज यांची गाठ पडलेली आहे. कंपन्याही मशीन सहजी उघडू देत नाहीत. नेस्प्रेसोच्या मशीनना अंडाकृती डोक्याचे स्क्रू असतात, घरातल्या पेचकसाला ते दाद देत नाहीत. दुरुस्तीचा आकडा नव्या मशीनच्या निम्म्यावर गेला आणि मशीनला पाच वर्षं झाली असतील, तर माझा कौल नव्याला.

नवं घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न पॉडच्या जातीचा. इथे लोक फसतात, कारण एकाच नावाखाली न जुळणारे प्रकार विकले जातात. नेस्प्रेसोचंच बघा. नेस्लेतले स्विस अभियंते एरिक फाव्र यांच्या कल्पनेतून ही पद्धत आली, १९७६ साली पेटंट झाली आणि १९८६ मध्ये तिच्यासाठी वेगळी कंपनी निघाली. ती मूळ लहान कॅप्सूल, जिला आता ‘ओरिजिनल’ म्हणतात. २०१४ मध्ये अमेरिका आणि कॅनडात कंपनीने ‘व्हर्चुओ’ आणलं. त्याची कॅप्सूल घुमटाच्या आकाराची. तिच्या कडेवरचा बारकोड मशीन वाचतं, कप केवढा करायचा ते त्यावरून ठरवतं आणि कॅप्सूल मिनिटाला सात हजार फेऱ्यांपर्यंत गरगर फिरवून कॉफी काढतं. एकाची कॅप्सूल दुसऱ्यात जात नाही. दोन्हीवर नाव मात्र तेच.

या दोघांत मोठा फरक बाजाराचा आहे. ओरिजिनलची महत्त्वाची पेटंटं २०१२ च्या सुमारास संपली आणि जगभरच्या कॉफी भाजणाऱ्यांनी त्या आकाराच्या कॅप्सूल काढल्या. आपल्याकडे कॉफीझा आणि बोनोमिया या भारतीय कंपन्याही त्याच आकाराच्या कॅप्सूल विकतात. म्हणजे एकाने दर वाढवले किंवा माल थांबवला तर दुसऱ्याकडे जाता येतं. व्हर्चुओच्या कॅप्सूल मुख्यतः नेस्लेच्या आणि तिने परवाना दिलेल्या ब्रँडच्याच. मोठा मगभर काळी कॉफी पिणाऱ्याला व्हर्चुओ आवडतं, वरचा फेस तर भरघोस येतो. पण भारतात राहणाऱ्या, दूध घालून कॉफी पिणाऱ्या घराने ते घ्यायचं मला तरी कारण दिसत नाही.

डॉल्चे गुस्तो हीसुद्धा नेस्लेचीच, पण तिसरीच जात. यातली दुधाची कॉफी चवीला गोडसर, मुलांना आणि पाहुण्यांना आवडणारी. दुधाची पावडर वेगळ्या कॅप्सूलमध्ये येते, त्यामुळे एका कॅपुचिनोला दोन कॅप्सूल लागतात. डब्यावर ‘१६ कॅप्सूल’ लिहिलेलं असतं आणि कप होतात आठ. भाव बघताना हे भागाकार करून बघावं. याच नावाचं ‘निओ’ हे नवं मशीन कागदाच्या पॉडवर चालतं, त्यात जुन्या डॉल्चे गुस्तो कॅप्सूल बसत नाहीत. जुना साठा संपवायला म्हणून कुणी निओ घेऊ नये.

लावाझ्झाचीही तीच तऱ्हा. घरासाठी ‘ए मोदो मिओ’, कचेऱ्यांसाठी ‘ब्लू’, आणि दोन्ही परस्परांना न चालणाऱ्या. कचेरी बंद झाली, मशीन स्वस्तात मिळतंय, असा योग आला तर आधी त्या कॅप्सूल घरपोच, थोड्या संख्येने मिळतात का ते विचारा. कचेरीला माल पेट्यांनी जातो, तुमच्या दोन कपांसाठी कोणी येत नाही.

कंपनीने कुलूप घातलं तर काय होतं याचा धडा अमेरिकेत मिळाला. तिथल्या क्युरिग कंपनीच्या ‘के-कप’ पॉडची पेटंटं २०१२ मध्ये संपली, बाहेरचे पॉड बाजारात आले, तेव्हा कंपनीने २०१४ मध्ये ‘क्युरिग २.०’ काढलं. ते पॉडच्या झाकणावरची खास शाई ओळखायचं आणि परवाना नसलेला पॉड दिसला की कॉफी करायला नकार द्यायचं. लोक इतके भडकले की पुढच्याच वर्षी कंपनीला चूक जाहीरपणे कबूल करावी लागली. त्यामुळे माझा नियम साधा आहे: ज्या आकाराच्या कॅप्सूल निदान तीन वेगवेगळ्या कंपन्या आपल्या शहरात पोचवतात, त्याच आकाराचं मशीन घ्यावं. आजच्या घडीला महाराष्ट्रात याचं उत्तर बहुतेकांसाठी ‘नेस्प्रेसो ओरिजिनल किंवा त्याच्याशी जुळणारं’ हेच येतं.

क्युरिगचं नाव निघालंच आहे तर परदेशातून येणाऱ्या मशीनबद्दल. न्यू जर्सीतली भाची घर बदलताना ‘काका, माझं क्युरिग घेऊन जा’ म्हणते, आणि काका ते बॅगेत घालून आणतात. आणू नये. अमेरिकेतली वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. मशीन थेट लावलं तर हीटर किंवा आतलं सर्किट जळतं. उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लावायचा तर दीड हजार वॉटच्या मशीनला तो दगडाएवढा जड आणि महाग पडतो, शिवाय वारंवारिता आपली ५० आणि तिकडची ६० हर्ट्झ, हा फरक त्याने मिटत नाही. वर के-कप आपल्याकडे नीट मिळत नाहीत. दुबईहून किंवा लंडनहून आलेल्या मशीनची गोष्ट वेगळी. तिथली वीज आपल्यासारखीच, फक्त चौकोनी पिनांचा प्लग बदलावा लागतो. मात्र वॉरंटी बहुतेक वेळा विकत घेतलेल्या देशापुरतीच असते, इथलं सर्व्हिस सेंटर ते मशीन दारातूनच परत पाठवू शकतं. तेवढी जोखीम धरून किंमत कमी पडत असेल तरच घ्या.

विजेचाच आणखी एक मुद्दा, घरातला. ही मशीनं साधारण १,२०० ते १,५०० वॉट ओढतात, म्हणजे पाच ते साडेसहा अँपिअर. ओट्यावरचा मोबाइल चार्ज करायचा छोटा पॉइंट याच्यासाठी नाही. मिक्सर, टोस्टर आणि हे, असं सगळं एका एक्स्टेन्शनवर तर मुळीच नको. जुन्या इमारतीत ओट्याजवळ एकच मोठा पॉइंट असतो आणि तो बहुधा फ्रिजने किंवा गीझरने अडवलेला असतो. मशीन मागवण्याआधी हे बघून ठेवा, नाहीतर नवीन मशीन हॉलमध्ये टीव्हीशेजारी बसतं आणि पाणी भरायला दिवसातून तीनदा स्वयंपाकघरात चकरा.

जागेचंही मोजमाप घ्या, आणि फक्त लांबी-रुंदीचं नाही. ओट्यावर भिंतीचं कपाट असेल तर मशीनचा दांडा पूर्ण वर केल्यावरची उंची मोजा. टाकी बहुतेक मशीनना मागे असते. मशीन भिंतीला चिकटवलं की टाकी काढता येत नाही आणि मग लोक तांब्याने वरूनच पाणी ओततात, ते मागे सांडतं. नेस्प्रेसोचं एसेन्झा मिनी हे सगळ्यात आटोपशीर मशीनपैकी एक, वजन जेमतेम सव्वादोन किलो. पण टाकी फक्त ०.६ लिटरची आणि वापरलेल्या कॅप्सूलसाठी जागा पाच-सहांचीच. एकट्यादुकट्या माणसाला ते उत्तम. चार माणसांच्या घरात दिवसातून दोनदा डबा रिकामा करावा लागेल. नेस्प्रेसोच्याच सिटीझची टाकी लिटरभराची, तेवढाच आराम जास्त. आणि तुमचा आवडता मग तोटीखाली बसतो का, हे सेंटीमीटरमध्ये तपासा. फोटोत दाखवतात तो कप बोटभर उंचीचा असतो.

खोक्यावरचा ‘१९ बार’ किंवा ‘२० बार’ पाहून कोणी भाळू नये. तो पंपाचा कमाल दाब. एस्प्रेसो निघते ती साधारण नऊ बारच्या आसपास. १५ आणि १९ मध्ये तुमच्या जिभेला फरक कळणार नाही. आतला मामलाही बऱ्याच वेळा एकच असतो: नेस्प्रेसोचं एकच मॉडेल डेलॉन्गी आणि क्रुप्स अशा दोन नावांनी, थोड्या वेगळ्या अंगरख्यात विकलं जातं. जे स्वस्त असेल आणि ज्याचं सर्व्हिस सेंटर जवळ असेल ते घ्या. मोबाइलला जोडणारी ब्लूटूथची मॉडेलं असतात. पलंगावरून कॉफी सुरू करता येते म्हणे, पण कप खाली ठेवायला उठावंच लागतं.

आता दूध. मराठी घरात कॉफी म्हणजे दुधाची कॉफी, आणि मशीन निवडताना हाच मुद्दा सगळ्यांत कमी बघितला जातो. लहान कॅप्सूलमधून निघतात ४० मिलि एस्प्रेसो. त्यात आपण वाटीभर गरम दूध ओतलं की ती बिचारी बुडते आणि ‘मशीनची कॉफी पांचट लागते’ अशी तक्रार सुरू होते. दुधाची कॉफी करायची तर गडद भाजलेली, तीव्रतेचा आकडा मोठा असलेली कॅप्सूल घ्या आणि दूध शंभर-सव्वाशे मिलिच्या पुढे नेऊ नका. ११० मिलिचं लुंगो बटण दाबून कॉफी वाढत नाही, त्याच पाच ग्रॅममधून जास्त पाणी जातं आणि कडवटपणा उतरतो.

दूध फेसाळण्यासाठी दोन वाटा आहेत: मशीनलाच जोडलेला दुधाचा डबा, किंवा वेगळा विजेचा फ्रॉदर. जोडलेला डबा दुकानात फार देखणा दिसतो, एक बटण दाबलं की कॅपुचिनो. पण त्याच्या नळीचं तोंड जेमतेम पेन्सिलच्या शिशाएवढं असतं आणि आपण दूध तापवून ठेवणारी माणसं. वरची साय काढली तरी बारीक पापुद्रे दुधात राहतात, ते नळीत जाऊन बसतात. दोन दिवसांनी फेस कमी येतो, चौथ्या दिवशी नुसतीच वाफ फुसफुसते आणि डब्याला आंबूस वास येतो. मुंबईच्या दमटपणात तर प्रत्येक वापरानंतर डबा सुटा करून धुवावाच लागतो. ही शिस्त घरात कोण पाळणार ते प्रामाणिकपणे ठरवा. मी वेगळ्या फ्रॉदरच्या बाजूने आहे: आतून गुळगुळीत, धुवायला सोपा, आणि तो बिघडला तर मशीन चालू राहतं. दूध चहाच्या गाळणीतून गाळून, फ्रिजमधलं थंडगार घाला. फेस धरतात ती दुधातली प्रथिनं, म्हणून तीन टक्के स्निग्धांशाचं टोन्ड दूध सहा टक्क्यांच्या म्हशीच्या दुधापेक्षा हलका आणि जास्त फेस देतं. म्हशीच्या दुधाची कॉफी चवीला दाट लागते, ज्याची त्याची आवड.

पाणी हा मशीनचा खरा शत्रू. सोसायटीत उन्हाळ्यात बोअरचं किंवा टँकरचं पाणी येत असेल, किटलीच्या बुडाला पांढरा थर धरत असेल, तर तोच थर मशीनच्या हीटरमध्येही धरतो, फक्त दिसत नाही. गाळलेलं, कमी क्षारांचं पाणी वापरा. आरओचं पाणी चालतं. मात्र टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) अगदी खाली आणलेला असेल तर तो थोडा वाढवून घ्यावा, पूर्ण निःक्षार पाण्याला चव नसते आणि कॉफीही त्यात बोथट लागते. डिस्केलिंगचा दिवा लागला की ‘उद्या बघू’ करू नका. व्हिनेगर मात्र नको, रबराला बरं नाही आणि वास आठवडाभर जात नाही. कंपन्यांच्या द्रावणात बहुधा लॅक्टिक किंवा सायट्रिक आम्ल असतं. नवीन मशीन वॉरंटीत असेपर्यंत कंपनीचंच द्रावण वापरलेलं बरं, वाद नको. खरेदीच्या वेळी त्या बाटलीची किंमतही विचारून घ्या.

कॅप्सूल घेताना ॲल्युमिनिअमच्याच घ्या, असं मी म्हणेन. ॲल्युमिनिअम हवा आणि दमटपणा दोन्ही रोखतं. प्लॅस्टिकच्या कॅप्सूल प्रत्येकी वेगळ्या पाकिटात बंद नसतील तर आपल्या पावसाळ्यात त्यांचा वास लवकर उडतो, आणि काही मशीनमध्ये त्या जबड्यात अडकतातही. कुजणाऱ्या, कंपोस्ट होणाऱ्या कॅप्सूल चांगल्या हेतूच्या, पण त्या महिन्याला लागतील तेवढ्याच आणाव्यात. आयात केलेला डबा असेल तर तारीख उलटी लावून बघा: भाजून किती महिने झाले ते महत्त्वाचं, संपायला किती उरलेत ते नंतर. पुन्हा भरता येणारी स्टीलची कॅप्सूल हाही एक मार्ग आहे. त्यात आपली चिकमगळूर-कूर्गची ताजी पूड घालता येते आणि किलोचा भाव लगेच माणसात येतो. पण पूड बारीक, एकसारखी दळलेली हवी, नीट दाबायला हवी, प्रत्येक कपानंतर धुवायला हवी. म्हणजे ज्या सोयीसाठी पॉड घेतला तीच गेली. रविवारचा खेळ म्हणून ठीक.

वापरलेल्या कॅप्सूलचं काय करायचं, हेही मशीन येण्याआधी ठरवावं. ओल्या कचऱ्यात ती जात नाही, सुक्यात टाकली तर आतली ओली कॉफी बुरशी धरते. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहराने २०१६ मध्ये सरकारी पैशातून अशी कॅप्सूल यंत्रं घेणंच बंद केलं, कारण तेच: ॲल्युमिनिअम, प्लॅस्टिक आणि कॉफी यांची गिचमीड. घरी उपाय सोपा आहे. कॅप्सूल पूर्ण गार झाल्यावर सुरीच्या टोकाने पत्रा गोल कापा, अंगठ्याने मागून दाबा, पूड कंपोस्टात किंवा कुंडीतल्या मातीत थोडी थोडी मिसळा, टरफल विसळून डब्यात साठवा. किलोभर जमलं की भंगारवाला घेतो. मशीनमधला वापरलेल्या कॅप्सूलचा डबा मात्र रात्री भरलेला ठेवू नका. ऊब, ओल आणि कॉफीचा चोथा, झुरळांना यापेक्षा काय हवं?

एवढं सगळं वाचून कुणाच्या मनात येईल की पॉडच सोडावा का. काही घरांनी सोडावाच. दिवसाला पाच-सहा कप होत असतील तर वर काढलेला हिशेब अडीच-तीन पट होतो, आणि त्या पैशात दाणे दळून कॉफी करणारं स्वयंचलित मशीन काही वर्षांत फिटतं. दर रविवारी आठ माणसं येत असतील तर आठ कॅप्सूल म्हणजे ३६० रुपये, आणि शेवटच्या माणसाचा कप होईपर्यंत पहिल्याचा गार. तिथे स्टीलचा फिल्टर रात्री लावून ठेवणं केव्हाही शहाणपणाचं. ज्याला फक्त कडक, काळी कॉफी हवी आणि पाच मिनिटं हाताशी आहेत, त्याला गॅसवरचा मोका पॉट पुरतो, त्यात बिघडण्यासारखं एक रबर आहे फक्त. पॉड शोभतो तो दिवसाला एक-दोन कप पिणाऱ्याला, घरात प्रत्येकाची वेळ वेगळी असलेल्यांना, आणि ज्यांच्या हाताला आता दळणं-दाबणं जमत नाही अशा वयस्कर माणसांना. शेवटच्या गटासाठी मशीन घेत असाल तर दांड्याचं मशीन आधी दुकानात हाताळून बघा: काही मशीनचे दांडे इतके घट्ट असतात की सांधे दुखणाऱ्या आजींना एका हाताने खाली येत नाहीत. अशांना झाकण आपोआप बंद होणारं मॉडेल थोडे पैसे जास्त गेले तरी घ्यावं.

मशीन घरी आलं की पहिल्या आठवड्यात, परत करायची मुदत असतानाच, त्याला नीट पिळून घ्या. टाकीभर साधं पाणी काढून टाका. मग लागोपाठ चार कप करा, कारण दोष असलेलं मशीन पहिल्या कपाला नव्हे, तिसऱ्या-चौथ्याला गार पडतं. तुम्ही कायम वापरणार त्याच कंपनीच्या कॅप्सूल घालून बघा, सोबत फुकट आलेल्यांवर विसंबू नका. खालच्या थाळीत प्रत्येक कपामागे चमचाभरापेक्षा जास्त पाणी साचतंय का ते पाहा. पहाटे एकदा चालवून शेजारच्या खोलीत आवाज किती जातो तेही ऐका. सीरियल नंबर बहुधा बुडाशी किंवा ठिबकथाळीखाली छापलेला असतो आणि वाफेने तो पुसट होत जातो. त्याचा आणि बिलाचा फोटो त्याच दिवशी काढून घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा, सर्व्हिस सेंटरवाला फोन उचलला की पहिलं तेच विचारतो.